मक्केचं पाणी

१९४१ सालचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरत असतो. काबा पाण्यात उभा आहे, समोर एक पोरगा पोहतोय आणि बाजूला मकाम-ए-इब्राहिमच्या (प्रेषित इब्राहिम ज्यावर उभे राहिले असं मानतात त्या दगडाच्या) बांधकामावर एक-दोन जण चढून बसलेत. ग्रुपवर फोटो आला की कुणीतरी विचारतंच, एडिट केलाय का हो? नाही, खरा आहे. पोरगा बहारीनचा, मक्केत शिकायला होता, त्या वर्षी पाऊस असा झाला की हरमच्या, म्हणजे काब्याभोवतीच्या मशिदीच्या, अंगणाचा तलाव झाला, मग हा आणि याचे दोस्त उतरले पाण्यात आणि काब्याभोवतीचा तवाफ, म्हणजे प्रदक्षिणा, पोहून केला.

आता गंमत बघा, मक्केत वर्षाचा पाऊस सरासरी शंभर-सव्वाशे मिलिमीटर. आमच्या मराठवाड्यात आपण ज्या वर्षाला दुष्काळ म्हणतो ना, त्या वर्षीसुद्धा याच्या दुप्पट-तिप्पट पडतो. एवढ्याशा पावसात पूर कसा येतो? तर गाव दरीच्या तळाशी, दोन्ही बाजूंना उघडेबोडके काळे डोंगर, माती नाही, झाड नाही, मुरायला जागाच नाही. दोन-तीन वर्षं थेंब नाही आणि मग एका दुपारी सगळं एकदम, आणि ते सगळं धावत येतं खोऱ्यातल्या सगळ्यात खोलगट जागेकडे. ती जागा म्हणजेच काब्याचं अंगण.

मी मक्केला गेलेलो नाही, जाणारही नाही, मुस्लिमेतरांना शहराच्या हद्दीच्या आतच सोडत नाहीत, हायवेवर तसे बोर्डच आहेत. पण मी वाढलो औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर, पण लहानपणच्या गोष्टी सांगताना जुनंच नाव तोंडात येतं), आणि तिथे पाणचक्कीच्या शेजारी खाम नदीच्या पुलावर मकाई गेट आहे, मक्केच्या दिशेला तोंड केलेला दरवाजा. त्या दरवाजातून स्कूटरवर हजारदा गेलो असेन. मक्का हा शब्द माझ्यासाठी आधी ट्रॅफिक जामचं ठिकाण होता, शहर नंतर झालं. आणि टँकरच्या मुलखात वाढलेल्या माणसाची एक खोड असते, कुठल्याही शहराचा इतिहास हातात घेतला की राजेबिजे राहू देत बाजूला, आधी प्रश्न पडतो, हे लोक पाणी कुठून आणत होते? मक्केच्या बाबतीत हा प्रश्न विचारला आणि मग दोन-तीन वर्षं त्यातच अडकलो.

शहराच्या जन्माची गोष्टच तहानेची आहे. कुराणात इब्राहिमची प्रार्थना आहे, देवा, मी माझ्या लेकरांना पीक न येणाऱ्या खोऱ्यात, तुझ्या घरापाशी वसवलंय. शहराची जाहिरात म्हणून बघितलं तर यापेक्षा वाईट ओळ सापडणार नाही, इथे काही उगवत नाही हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलंय. इब्राहिमची बायको हाजर आणि तान्हा मुलगा इस्माईल, जवळचं पाणी संपलेलं, आई सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये धावतेय, कुठे कुणी दिसतंय का बघायला, सात वेळा. मग झमझमचा झरा फुटतो, तीच पुढे झमझमची विहीर. आजही हजला आणि उमराला (हजपेक्षा छोटी यात्रा) गेलेला प्रत्येक माणूस, राजा असो की रिक्षावाला, त्या दोन टेकड्यांमध्ये सात खेपा घालतो, सगळं मिळून तीनेक किलोमीटर होतात. एका बाईची पाण्यासाठीची वणवण एवढ्या मोठ्या धर्माचा विधी होऊन बसलीय, आणि हे मराठवाड्यातल्या बायांना सांगितलं तर त्यांना समजावून द्यायची गरज पडणार नाही.

पुढे परंपरा सांगते की जुरहुम टोळी मक्का सोडताना ती विहीर बुजवून गेली आणि लोक जागाच विसरले. मग कित्येक पिढ्यांनी पैगंबरांचे आजोबा अब्दुल मुत्तलिब यांना स्वप्नात खूण मिळाली, त्यांनी खणलं, आत सोन्याची दोन हरणं आणि तलवारी निघाल्या, आणि पाणी. सोन्यावर भांडण झालं पण खरा मुद्दा पाण्याचा होता, कारण मक्केत यात्रेकरूंना पाणी पाजण्याचा मान, सिकाया म्हणायचे त्याला, हा मोठा अधिकार होता. काब्याची किल्ली एका घराण्याकडे, यात्रेकरूंच्या जेवणाचं दुसऱ्याकडे, पाण्याचं पैगंबरांच्या घराण्याकडे, बनू हाशिमकडे. पैगंबरांचे काका अब्बास हे पुढे सांभाळायचे. झमझमचं पाणी जरा खारट लागतं, म्हणून त्यात ताइफचे मनुके भिजवायचे आणि ते गोडसर पाणी लोकांना द्यायचे. म्हणजे गार सरबताचा स्टॉल म्हणा, फक्त पैसे नाहीत आणि मान भरपूर.

हे सगळं मी एवढं पाल्हाळ का लावतोय, तर इ.स. ६३० मध्ये मक्का जिंकल्यावर पैगंबरांनी काब्यापाशी उभं राहून जे भाषण केलं त्यात जुन्या काळातले सगळे मानपान, सगळे वडिलोपार्जित हक्क रद्द केले, दोन सोडून. काब्याची राखण आणि यात्रेकरूंना पाणी. मूर्ती गेल्या, खूनखराब्याचे जुने हिशोब गेले, टोळ्यांचा तोरा गेला, पण पाणी वाढण्याचं काम होतं तिथेच राहिलं. माझ्या मते मक्केचा पुढचा चौदाशे वर्षांचा राजकीय इतिहास या एका अपवादातून उलगडत जातो. ज्याला मक्केवर हक्क सांगायचाय त्याने आधी पाण्याचं काय करतो ते दाखवायचं.

पुराचंही तसंच. साधारण ६०५ साली, म्हणजे पैगंबर पस्तीस वर्षांचे असताना, आग आणि पुराने कमजोर झालेला काबा कुरैशांनी, म्हणजे मक्केवर सत्ता असलेल्या टोळीने, नव्याने बांधला. लाकूड कुठून आणणार, खोऱ्यात झाड नाही. तर लाल समुद्राच्या किनाऱ्यावर शुऐबा नावाचं मक्केचं जुनं बंदर होतं, तिथे एक रोमन जहाज फुटलेलं, त्याच्या फळ्या विकत घेतल्या आणि बाकूम नावाचा परदेशी सुतार लावला. (शुऐबा लक्षात ठेवा, परत येणार आहे.) दरवाजा मुद्दाम उंचावर घेतला, जमिनीपासून चांगला पुरुषभर वर, म्हणजे पुराचं पाणी आत नको आणि कुणालाही उठसूट आत शिरायला नको, दोन्ही कामं झाली. वर्गणीला अट होती की फक्त हलाल कमाईचा पैसा चालेल, व्याजाचा नको, जुगाराचा नको, आणि व्यापाऱ्यांच्या त्या गावात असा पैसा कमी पडला, म्हणून एका बाजूचा भाग बाहेरच सोडावा लागला. अर्धगोल कठड्यातला तो भाग आजही तसाच बाहेर आहे, हातीम म्हणतात. शुद्ध पैशाचं बजेट कमी पडल्याची खूण जगातल्या सगळ्यात पवित्र मशिदीत जपून ठेवलीय, मला हे फार आवडतं.

मग खलिफा उमरच्या काळात ६३८ च्या सुमारास असा लोंढा आला की मकाम-ए-इब्राहिमचा दगडच वाहून गेला. उमर मदिनेहून आले, दगड परत जागेवर बसवला, आजूबाजूची घरं घेऊन मशीद मोठी केली आणि वरच्या अंगाला बंधारे घातले. पाण्याचं मॅनेजमेंट म्हणून काही काम तिथे झालं त्यात हे अगदी सुरुवातीचं. पण डोंगर काही ऐकत नाहीत, साठ वर्षांनी ऐन हजच्या दिवसांत आलेल्या पुरात यात्रेकरू सामानसुमानासकट वाहून गेले.

म्हणजे दोन टोकं. एकतर प्यायला नाही, नाहीतर बुडायला आहे. आपल्याकडे वेगळं काय असतं म्हणा.

आता झुबैदा. हिच्यावर खरं तर अख्खा लेख लिहायला हवा. बगदादच्या हारून अल-रशीदची बेगम, स्वतः खलिफा मन्सूरची नात, माहेर-सासर दोन्हीकडून राजघराणं, श्रीमंती अशी की अरेबियन नाइट्सवाल्यांना वेगळी कल्पना करायची गरज नव्हती. साधारण इ.स. ८०० च्या आसपासची गोष्ट. हजला आली तेव्हा तिने बघितलं की पाण्याच्या एका पखालीला दिनार दिनार मोजावा लागतोय. टँकर लॉबी तेव्हाही होती, फक्त उंटांवर. बाईंनी ठरवलं की पाणी आणायचं. कुठून? एक हुनैनच्या खोऱ्याकडून आणि दुसरं नुमानच्या खोऱ्यातून (वादी नुमान), हजचे यात्रेकरू जमतात त्या अराफातच्या मैदानापलीकडून, जिथे डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीत पाणी आहे. इंजिनियर म्हणाले खडक फार कठीण आहे, खर्च परवडणार नाही. त्यावर तिने सांगितलं म्हणतात, कुदळीच्या एका घावाला एक दिनार पडला तरी चालेल, करा. आणि काम झाल्यावर हिशोबाची कागदपत्रं तिच्यासमोर आणली तर तिने ती तिग्रीस नदीत टाकून दिली, हिशोब हिशोबाच्या दिवशी बघू म्हणाली. खरं-खोटं देव जाणे, पण गोष्ट टिकलीय यावरून लोकांना कसा राज्यकर्ता हवा असतो ते कळतं. (ऑडिटवाल्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.)

हा कालवा चालायचा कसा ते समजायला मला काही त्रास झाला नाही, कारण आमच्या गावातच नमुना आहे. मलिक अंबरने खडकीत (औरंगाबादचं जुनं नाव) जी नहर खणली, नहर-ए-अंबरी, तीही अशीच. डोंगराच्या पायथ्याचं भूजल गाठायचं, जमिनीखालून दगडी नळ न्यायचा, उतार इतका बेताचा ठेवायचा की पाणी धावता कामा नये आणि थांबताही कामा नये, आणि वाटेत ठरावीक अंतरावर गाळ काढायला, माणूस उतरायला उभे झरोके. मोटर नाही, वीज नाही, फक्त उताराचं गणित. झुबैदाचा कालवा काही ठिकाणी जमिनीत, काही ठिकाणी डोंगराच्या कडेने दगडी भिंतीवरून, अराफात, मुझदलिफा असा येतो. अराफातच्या जबल-ए-रहमत टेकडीच्या आसपास ती भिंत आजही दिसते. शिवाय कूफा ते मक्का या चौदाशे किलोमीटरच्या वाळवंटी रस्त्यावर जागोजागी विहिरी, हौद, मुक्कामाच्या जागा, त्या रस्त्याचं नावच पडलं दर्ब झुबैदा. तिच्या नवऱ्याने मक्केत काय बांधलं ते मला शोधावं लागेल, हिचं नाव बारा शतकं लोकांच्या तोंडात आहे.

मधल्या काळातलं एकच सांगतो कारण त्यातही पाणी आहे आणि ते फार भीषण आहे. ९३० साली कर्माती नावाच्या पंथाचा अबू ताहिर ऐन हजमध्ये मक्केत घुसला, यात्रेकरूंची कत्तल केली, प्रेतं झमझमच्या विहिरीत टाकली आणि काब्याच्या कोपऱ्यात बसवलेला पवित्र काळा दगड उखडून अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्याकडे घेऊन गेला. दगड परत यायला वीसेक वर्षं लागली. विहीर नासवणं हा हल्ल्याचा भाग होता, हे लक्षात घ्या, शहराचं मर्म कुठे आहे ते त्यालाही माहीत होतं.

नंतर उस्मानी तुर्क आले, १५१७. आणि इथे मला आपला एक माणूस सापडला, म्हणजे आपल्या बाजूचा. कुतबुद्दीन नहरवाली. नहरवाला म्हणजे गुजरातचं पाटण. घराणं तिथलं, हे स्वतः लाहोरला जन्मले, आयुष्य मक्केत गेलं, मुफ्ती झाले आणि मक्केचा इतिहास लिहिला. त्यांच्या डोळ्यांदेखत झुबैदाच्या कालव्याचं मोठं काम निघालं. सुलतान सुलेमानची लेक मिहरिमाह सुलतान, तिने पैसे दिले, परत एक बाईच. अंदाज असा होता की जुना कालवा साफ केला की झालं, वर्षभरात पाणी शहरात. कामाला लागल्यावर कळलं की झुबैदाचा नुमानवाला कालवा शहरापर्यंत पोचलेलाच नाही, त्याच्या आधीच एका मोठ्या विहिरीपाशी थांबलाय, कारण पुढे जो खडक आहे तो तिच्या कुदळींनाही पुरून उरला होता. मग काय, या खडकावर रात्रभर लाकडांचे ढीगच्या ढीग जाळायचे, दगड तापून तडकला की सकाळी छिन्नी-हातोड्याने थोडासा फोडायचा, परत रात्री जाळायचं. बिनझाडांच्या मुलखात. सरपण एवढं लागलं की आजूबाजूचे डोंगर-दऱ्या झाडून लाकूड आणावं लागत होतं आणि गावात सरपण महागलं. देखरेखीचा मोठा अधिकारी मध्येच वारला, मग दुसरा आला. वर्षाचं काम दहा वर्षांच्या आसपास चाललं, खर्च अंदाजाच्या कित्येक पट, आणि १५७१ च्या सुमारास पाणी शहरात खळखळलं. आपल्याकडच्या कुठल्याही पाणीपुरवठा योजनेची फाइल उघडा, अगदी हेच लिहिलेलं असेल, फक्त शेवटचं वाक्य वगळून.

चार-पाच वर्षांनी अकबराची आत्या, बाबराची मुलगी गुलबदन बेगम, मुघल जनान्यातल्या बायकांचा मोठा लवाजमा घेऊन हजला आली आणि काही वर्षं तिथेच राहिली. तिने हेच नवं पाणी प्यालं असणार. शेवटी उस्मानी सुलतानाला फर्मान काढावं लागलं की या हिंदी मंडळींना परत पाठवा, गावावर ताण येतोय. पाहुणे किती राहिले की पाणी कमी पडतं हे सुलतानाला इस्तंबूलमध्ये बसून कळत होतं.

आणि एवढं पाणी आणून ठेवलं तरी १६३० मध्ये परत डोंगरावरचा लोंढा आला आणि काब्याच्या भिंतीच कोसळल्या. सुलतान मुराद चौथ्याच्या काळात तो नव्याने उभा केला, आज लोक ज्याच्याभोवती फिरतात ती इमारत मुख्यतः त्या वेळची. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माचं वर्ष. हे दोन इतिहास डोक्यात शेजारी शेजारी ठेवायची सवय आपल्याला नसते, म्हणून सांगितलं.

एकोणिसाव्या शतकात बोटी वाफेवर चालायला लागल्या आणि मुंबई हे हजचं मोठं दार झालं. गर्दी वाढली, आणि गर्दीबरोबर कॉलरा. १८६५ च्या हजमध्ये सुमारे १५ हजार यात्रेकरू कॉलऱ्याने गेले आणि तिथून तो इजिप्तमार्गे युरोपात पोचला. मग युरोप जागा झाला, परिषदा झाल्या, क्वारंटाइन बेटं झाली, बोट कंपन्यांच्या गैरव्यवहारावर उपाय म्हणून १८८६ मध्ये ब्रिटिशांनी मुंबईच्या हज प्रवासाचं काम चक्क थॉमस कुकला दिलं. आणि पाण्याचं काय, तर १८८१ मध्ये जेद्दाच्या ब्रिटिश कॉन्सुलेटमधून झमझमचा नमुना लंडनला तपासायला गेला, तिथल्या केमिस्टने रिपोर्ट दिला की हे सांडपाणी आहे. मुसलमान जगात संताप झाला, उस्मानी बाजूने आपली तपासणी पुढे केली. त्यात विज्ञान किती आणि साम्राज्याची खुमखुमी किती हे वेगळं काढणं अवघड आहे. विहिरीभोवती दाट वस्ती, खाली संडासांचे खड्डे, तेव्हा पाणी बिघडलं असेल तर नवल नाही, पण ज्यांच्या लंडनची थेम्स वीस-पंचवीस वर्षांपूर्वी वासाने पार्लमेंट बंद पाडायला निघाली होती त्यांनी जरा हळू बोलायला हवं होतं. याच काळात झुबैदाचा कालवा परत मोडकळीला आला आणि दुरुस्तीसाठी हिंदुस्तानातल्या मुसलमानांनी पैसे गोळा करून पाठवले.

आमच्या गल्लीतल्या चाचांचे वडील बोटीने गेलेले. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात मुक्काम, मग बोट, मग जेद्दा. येताना झमझम पत्र्याच्या डब्यांत, वरून डाग देऊन बंद केलेलं. एक डबा घरी पोचेपर्यंत गळून निम्मा झाला होता म्हणे, त्यावरून चाचांच्या आईने जे ऐकवलं ते चाचा अजून नक्कल करून दाखवतात. बोटी १९९५ ला बंद झाल्या. चाचा स्वतः विमानाने गेले, आता विमानात सीलबंद पाच लिटरचा डबा देतात, फॅक्टरीतून भरून आलेला, एका माणसाला एकच.

तेल सापडल्यानंतरचं मक्का हे वेगळंच प्रकरण आहे. विहीर जमिनीखाली गेली, वरची इमारत पाडली, १९७९ च्या शेवटी जुहैमान नावाच्या सौदी बंडखोराच्या माणसांनी मशीद ताब्यात घेतली आणि दोन आठवडे तळघरांत लढाई चालली तो काळा अध्याय झाला, त्याच सुमारास गोताखोर उतरवून झमझम साफ केली. झमझमच्या पाण्याचा अभ्यास करायला आता सौदी भूगर्भ खात्याचं वेगळं केंद्र आहे. आणि शहराचं रोजचं पाणी, लाखो माणसांचं, हॉटेलांच्या हजारो बाथरूमचं, ते येतं शुऐब्याहून. सांगितलं होतं ना परत येणार. जिथून काब्याच्या छताचं लाकूड आलं, जिथून पहिले मुसलमान जीव वाचवायला होडीत बसून हबशी देशाला (आजचा इथिओपिया) गेले, त्या शुऐब्यात आज समुद्राचं पाणी गोडं करण्याचे जगातले मोठे प्लांट आहेत. खलिफा उस्मानने बंदर तिथून जेद्दाला हलवलं आणि ती जागा तेरा शतकं जवळपास विस्मरणात गेली, आता अख्खं शहर परत तिच्याच जिवावर आहे.

सौदींना पाण्याच्या बाबतीत नावं ठेवता येणार नाहीत, आजवर कुणी दिलं नाही एवढं पाणी त्यांनी दिलं. पण आधीच्यांच्या खुणा त्यांना डोळ्यासमोर नको असतात. तुर्कांचा अज्याद किल्ला २००२ मध्ये टेकडीसकट सपाट केला, तुर्कस्तानने बोंब मारली, तिथे आता ६०१ मीटरचा घड्याळाचा टॉवर आहे आणि काबा वरून काडेपेटीएवढा दिसतो. मला तो टॉवर आवडत नाही, पण मला कोण विचारतंय. आणि तेवढ्या पाण्यातही २०२४ च्या जूनमध्ये पारा ५१.८ वर गेला, सरकारी आकड्याप्रमाणे १,३०१ माणसं हजमध्ये मरण पावली. बहुतेक जण परमिटशिवाय आलेले, म्हणजे एसी तंबू नाही, बस नाही, उन्हात मैलोनमैल चालत. पाणी शहरात होतं, पण ते कुणाला मिळणार हे गळ्यातल्या कार्डावर ठरत होतं. अब्बासांच्या मनुक्याच्या पाण्याला कार्ड लागत नव्हतं.

चाचांना मी विचारलं, अराफातला झुबैदाची नहर बघितली का? म्हणाले, कौनसी नहर? मी मोबाइलवर फोटो दाखवला, डोंगराच्या कडेने गेलेली दगडी भिंत. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून बघितला. "अरे ये दीवार? इसके पास तो हमारी बस दो घंटे खडी थी. हमको लगा कंपाउंड है." मग चाचीला हाक मारून तिला फोटो दाखवला, तिलाही आठवली भिंत, तिने तिथे टेकून डबा खाल्ला होता. मी त्यांना झुबैदाचा किस्सा सांगितला, तिग्रीसमध्ये हिशोब टाकला तो. चाची म्हणाली, खर्चाचे कागद नदीत टाकायला आधी नदी तर पाहिजे ना, आपल्या खाममध्ये टाकले तर तिथेच तरंगत बसतील. आणि मग विषय बदलून मलाच विचारलं, तुमच्या लाइनला नळ आज येणारे की उद्या?